एनएमआर नमुन्यातील विरघळलेला ऑक्सिजन: टी-वन मोजण्यापूर्वीची तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि तपासण्या

एनएमआर, म्हणजे केंद्रकीय चुंबकीय अनुनाद, या तंत्राने मोजलेला एकाच संयुगाचा टी-वन, म्हणजे केंद्रकीय आभ्राम (स्पिन) पूर्ववत होण्याचा अनुदैर्घ्य शिथिलनकाळ, सोमवारी ६ सेकंद आणि गुरुवारी ९ सेकंद येतो, तेव्हा दोष बहुधा यंत्राला दिला जातो. प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण त्या दोन दिवशी नळीतील विरघळलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण वेगळे असते आणि त्याची नोंद कोणीच ठेवलेली नसते. एमएस्सी आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडून, तसेच औषध कंपन्यांच्या विश्लेषण विभागांत काम करणाऱ्यांकडूनही, ही प्रक्रिया वारंवार चुकते. चूक एखाद्या पायरीपेक्षा पायऱ्यांच्या क्रमात जास्त असते, म्हणून पुढील मांडणी क्रमानेच वाचावी.

कार्यकारणाचा भाग थोडक्यात असा. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे तो अनुचुंबकीय, म्हणजे चुंबकाकडे ओढला जाणारा, असतो. इलेक्ट्रॉनचे चुंबकीय आघूर्ण प्रोटॉनच्या सुमारे ६५८ पट असते आणि शिथिलनावरील परिणाम त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून लिटरमागे मिलिमोलच्या अंशाइतका ऑक्सिजनही जवळून जाता जाता केंद्रकांना त्यांची जादा ऊर्जा टाकून देण्याचा जलद मार्ग उघडून देतो. हिशेब साधा आहे: शिथिलनाचे वेग, म्हणजे टी-वनचे व्यस्त, एकमेकांत मिळवले जातात, आणि ऑक्सिजनचा वाटा त्याच्या संहतीच्या प्रमाणात असतो. काळ मिळवायचे नाहीत, वेग मिळवायचे, हे सुरुवातीलाच पक्के करून घ्यावे.

पायरी १: ऑक्सिजन काढण्याची गरज आहे का, हे आधी ठरवा

समजा, ऑक्सिजनचा वाटा सेकंदाला ०.२ आहे. ज्या प्रोटॉनचा मूळ टी-वन २० सेकंद आहे, त्याचा मूळ वेग ०.०५, एकूण ०.२५ झाला आणि मोजलेला टी-वन ४ सेकंदांवर आला. ज्याचा मूळ टी-वन १ सेकंद आहे, त्याचा एकूण वेग १.२ होतो आणि टी-वन ०.८३ सेकंद येतो. मूळ टी-वन ०.३ सेकंद असेल, तर तो ०.२८ वर जातो, आणि हा फरक अनेकदा मोजमापाच्या त्रुटीतच बुडतो. म्हणजे ऑक्सिजन तोच असून पहिल्या नमुन्याचे मोजमाप निरर्थक ठरते आणि तिसऱ्याचे जवळजवळ अबाधित राहते. प्रथिने, बहुवारिके, घट्ट द्रावणे यांचे टी-वन आखूड असतात. तेथे ऑक्सिजन काढण्यात दिवस घालवू नये. लहान रेणू, पातळ द्रावके, प्रोटॉन जोडलेला नसलेले कार्बन आणि ओव्हरहाउझर परिणामावरून (जवळच्या केंद्रकांच्या एकमेकांच्या संकेतावरील परिणामावरून) अंतरे काढण्याचे प्रयोग यांत मात्र पर्याय नाही.

द्रावकही विचारात घ्यावा. २५ अंश सेल्सिअसला हवेच्या संपर्कातील शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२६ मिलिमोल ऑक्सिजन असतो. त्याच हवेखाली बेंझीनमध्ये सुमारे १.९, ॲसिटोनमध्ये सुमारे २.४, तर डीएमएसओमध्ये अर्ध्या मिलिमोलच्या आसपास असतो. पाण्यातील द्रावणावर मिळालेला अनुभव बेंझीनला लावणे ही म्हणूनच पहिली मोठी चूक होय. गोव्यातील वाचकांना एक सोय आहे: पणजी, दोना पावला किंवा वास्को येथील प्रयोगशाळा समुद्रसपाटीच्या जवळ असल्याने एका वातावरण दाबासाठी छापलेले विद्राव्यतेचे आकडे उंचीची दुरुस्ती न करता वापरता येतात. पुण्यात किंवा बंगळुरूत ती दुरुस्ती करावी लागते. तापमानाची दुरुस्ती मात्र येथेही चुकत नाही. ३० अंशांच्या खोलीत ठेवलेल्या पाण्यात ७.६ मिलिग्रॅमच ऑक्सिजन उरतो.

उलट बाजूही लक्षात असावी. संख्यात्मक एनएमआरने शुद्धता मोजताना प्रत्येक स्पंदानंतर (रेडिओलहरींच्या छोट्या झटक्यानंतर) टी-वनच्या किमान पाचपट थांबावे लागते, आणि हवेतील ऑक्सिजन तो काळ फुकटात कमी करून देतो. वेर्णे किंवा कुंडई येथील कारखान्यांच्या प्रयोगशाळेत असे काम असेल, तर नमुना हवेतच ठेवावा, फक्त सर्व नमुने सारख्याच स्थितीत ठेवावेत. त्यातला एखादाच वायुमुक्त केला, तर त्याच्यासाठी ठेवलेला थांबा अपुरा पडतो आणि शुद्धतेचा आकडा चुकतो.

> इशारा: रेषा बारीक दिसतात म्हणून ऑक्सिजन नाही, असा निष्कर्ष काढू नये. सेकंदाला ०.२ इतक्या वाट्याने रेषेची रुंदी सुमारे ०.०६ हर्ट्‌झनेच वाढते, आणि रोजच्या शिमिंगमध्ये (चुंबकीय क्षेत्र एकसारखे करण्याच्या जुळवणीत) ती वाढ डोळ्यांना दिसत नाही. तोच वाटा टी-वन पाचपटीने खाली आणू शकतो.

पायरी २: नळी, द्रावक आणि धातूचे अंश

ऑक्सिजनला हात घालण्याआधी इतर अनुचुंबकीय पदार्थ बाहेर काढावेत, कारण ते राहिले तर पुढची सर्व मेहनत वाया जाते आणि ती कशामुळे वाया गेली हेही कळत नाही. नळ्या क्रोमिक आम्लाने कधीही धुऊ नयेत. काचेला चिकटून राहणारे क्रोमियम स्वतःच अनुचुंबकीय असते. सौम्य नायट्रिक आम्ल, मग धातू पकडणाऱ्या ईडीटीएचे द्रावण, मग भरपूर शुद्ध पाणी, शेवटी शुद्ध ॲसिटोन, असा क्रम ठेवावा. नळ्या ओव्हनमध्ये आडव्या व सपाट पृष्ठावर ठेवून मंद तापमानात वाळवाव्यात. उभ्या अडकवून जास्त तापवल्यास त्या किंचित वाकतात. पोलादी चमच्याने घासून काढलेली पूड, गंज लागलेली सुई आणि न गाळलेले द्रावण ही लोहाची नेहमीची वाट होय. द्रावण काचलोकराच्या छोट्या बोळ्यातून गाळून घ्यावे.

नदीचे, गाळाचे किंवा खाणपट्ट्यातील पाणी तपासणाऱ्यांसाठी हा मुद्दा अधिक गंभीर आहे. डिचोली किंवा सांगे भागातून आणलेल्या नमुन्यात विरघळलेले लोह आणि मँगनीज असण्याची शक्यता गृहीतच धरावी. मँगनीजचा द्विसंयुजी आयन पाण्याच्या प्रोटॉनांना ऑक्सिजनपेक्षा कितीतरी अधिक जोराने शिथिल करतो. तो असेल तर कितीही वेळा ऑक्सिजन काढला तरी टी-वन हलणार नाही. अशा नमुन्याला आधी धातू पकडणाऱ्या रेझिनमधून काढावे आणि मगच पुढे जावे.

नळी झडपेची घ्यावी: टेफ्लॉनच्या खुंटीने बंद होणारी आणि निर्वात नळीमार्गाला जोडता येणारी. काच मध्यम जाडीची असावी, कारण पातळ भिंतीची नळी गोठवताना फुटते. ५ मिलिमीटर नळीत द्रवाची उंची ४ ते ५ सेंटिमीटर ठेवावी. जास्त भरल्यास फुटण्याचा धोका वाढतोच, शिवाय वरची वायूची जागा कमी होते, आणि ती जागा किती मोलाची आहे हे पायरी ५ मध्ये दिसेल.

पायरी ३: हवेसह पहिले मोजमाप

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. वायुमुक्त करण्यापूर्वी त्याच नळीचा, त्याच तापमानाला, टी-वन मोजून ठेवावा; तुलनेला आधार नसेल तर नंतर आलेला आकडा चांगला की वाईट हे ठरवता येत नाही. नळी यंत्रात टाकल्यावर तापमान स्थिरावण्यासाठी किमान १० ते १५ मिनिटे थांबावे. पावसाळ्यात खोलीबाहेरून आणलेली थंड नळी घाम धरते. ती कोरडी पुसूनच आत सोडावी. नळी फिरवणे बंद ठेवावे.

त्यानंतर ९० अंशांचे स्पंद त्या नमुन्यावर स्वतंत्रपणे जुळवून घ्यावे. ३६० अंशांना संकेत शून्य होतो, त्या काळाचा चौथा हिस्सा घेणे ही सोपी पद्धत आहे. दुसऱ्या द्रावकासाठी काढलेले मूल्य वापरणे ही सर्रास चूक होय. मीठ असलेल्या पाण्यात ते मूल्य बरेच बदलते. मग १८० अंश, थांबा, ९० अंश असा इन्व्हर्जन रिकव्हरीचा, म्हणजे आभ्राम उलटवून तो परत येताना मोजण्याचा, प्रयोग करावा. अंदाज लवकर हवा असेल, तर संकेत शून्य होतो तो थांबा शोधून त्याला ०.६९३ ने भागावे. हा केवळ अंदाज आहे, अंतिम आकडा म्हणून तो लिहू नये.

> तपासणी: सर्वांत लांब थांब्यावर संकेताची उंची साध्या स्पेक्ट्रमइतकी येते का? येत नसेल, तर थांब्यांची यादी अपुरी आहे. सर्वांत आखूड थांब्यावर संकेत पूर्ण उलटा आहे का? नसेल, तर स्पंद चुकला आहे. अशा वेळी उलटण्याचे प्रमाण मोकळे सोडणारे तीन चलांचे समीकरण बसवावे.

पायरी ४: पद्धत निवडा

नमुन्यातून नायट्रोजन किंवा आर्गॉन बुडबुडवणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे आणि म्हणूनच तिचा सर्वाधिक गैरवापर होतो. थेट नळीत बारीक सुई घालून बुडबुडे सोडले की द्रव उडतो, द्रावक उडून जातो आणि संहती बदलते. ही पद्धत वापरायचीच असेल, तर मोठ्या कुपीत वापरावी, वायू आधी त्याच द्रावकाच्या बाटलीतून खेळवून संपृक्त करून घ्यावा, कुपीचे वजन आधी व नंतर करावे, आणि द्रव धुतलेल्या सिरिंजने, हवा लागू न देता, नळीत न्यावा. टी-वन २ ते ३ सेकंदांच्या आत असणाऱ्या कामाला एवढे पुरते.

त्याहून लांब टी-वनसाठी ते पुरत नाही. पायरी १ मधील २० सेकंदांचे उदाहरण पुन्हा घेऊ. ९५ टक्के ऑक्सिजन काढला तरी त्याचा उरलेला वाटा ०.०१ असतो, एकूण वेग ०.०६ आणि टी-वन १६.७ सेकंद येतो. म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असूनही आकडा सहाव्या हिश्शाने चुकलेलाच राहतो. ९९ टक्के काढल्यावर तो १९.२ होतो. म्हणून येथे गोठवणे, वायू उपसणे आणि वितळवणे हीच, प्रयोगशाळेत ‘फ्रीझ-पंप-थॉ’ म्हणून ओळखली जाणारी, पद्धत घ्यावी. प्रथिनांची द्रावणे गोठवल्याने बिघडतात. त्यांच्यासाठी पृष्ठभागावरून हळू निर्वात लावून आर्गॉन भरणे आणि हलकेच ढवळणे, असे आलटूनपालटून करावे.

पायरी ५: गोठवणे, उपसणे, वितळवणे

१. झडप बंद करून नळीचे फक्त टोक द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, धरावे आणि द्रव तळापासून वर गोठत जाईल अशा बेताने नळी सावकाश खाली न्यावी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. वरचा थर आधी गोठला तर खाली अडकलेल्या पाण्याला जायला जागा राहत नाही आणि नळी तडकते.

२. नमुना पूर्ण गोठल्यावरच पंपाकडची झडप उघडावी. द्रव असताना उघडल्यास तो उसळून नळीमार्गात जातो. दाब ०.१ मिलिबारच्या खाली जाऊन स्थिर होईपर्यंत उपसावे.

३. झडप बंद करावी, नळी नायट्रोजनबाहेर काढावी आणि कोमट पाण्याने, पण वरच्या बाजूकडून, वितळू द्यावी. बहुतेक सेंद्रिय द्रावके वितळताना प्रसरण पावतात, म्हणून येथेही वर घन बूच आणि खाली द्रव अशी स्थिती येऊ देऊ नये. गोठवताना तळ आधी आणि वितळवताना वरचा भाग आधी, हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

४. पूर्ण वितळल्यावर नळी आडवी कलती करून काही मिनिटे हलवावी आणि मगच पुन्हा गोठवावी.

चौथा टप्पा घाईत सुटतो, आणि माझ्या मते अपुऱ्या निकालांचे मुख्य कारण तोच आहे. समतोल साधल्यावर बेंझीनसारख्या द्रावकाच्या एका मिलिलिटरमध्ये जितका ऑक्सिजन राहतो, त्याच्या सुमारे पाचपट वरच्या तितक्याच वायूत जातो. पाण्याच्या बाबतीत सुमारे तीसपट. द्रवाच्या अडीचपट वायूची जागा असेल, तर एका चक्रात बेंझीनमध्ये सुमारे ७ टक्के आणि पाण्यात जेमतेम १ टक्क्याहून थोडा जास्त ऑक्सिजन उरायला हवा, आणि तीन चक्रांत तो नगण्य व्हायला हवा. हा हिशेब समतोल गृहीत धरतो. अरुंद नळीत, न हलवता, केवळ विसरणाने ऑक्सिजनला ५ सेंटिमीटर अंतर कापायला दिवसच्या दिवस लागतात. न हलवलेल्या नळीची पाच चक्रे म्हणूनच हलवलेल्या नळीच्या तीन चक्रांहून वाईट ठरू शकतात.

किमान तीन चक्रे करावीत, आणि गोठलेल्या स्थितीत झडप उघडल्यावर दाबमापकाचा काटा हलेनासा होईपर्यंत पुढे चालू ठेवावे.

> इशारा, आणि हा जिवाचा आहे: द्रव नायट्रोजनमध्ये बुडालेली नळी किंवा शीतसापळा हवेला उघडा ठेवू नये. ऑक्सिजन उणे १८३ अंशांना द्रव होतो, त्यामुळे तो हवेतून तेथे जमतो आणि फिकट निळा दिसतो. सेंद्रिय पदार्थाबरोबर तो स्फोटक असतो. तीच गोष्ट आर्गॉनची: तो उणे १८६ अंशांना द्रव होतो. गार नळीत आर्गॉन भरला तर तो आत साठतो आणि नळी खोलीच्या तापमानाला आल्यावर ती फोडतो. निष्क्रिय वायू भरायचा असेल, तर नमुना पूर्ण वितळून खोलीच्या तापमानाला आल्यावरच भरावा. डोळ्यांवर चष्मा आणि समोर संरक्षक पडदा असल्याशिवाय ही पायरी करू नये.

पावसाळ्यात वीज अचानक जाणे आपल्याकडे नवे नाही. पंप थांबताच त्याचे तेल आणि मागची हवा नळीमार्गात ओढली जाऊ शकते. वीज जाताच प्रथम नमुन्याची झडप बंद करावी, मग नळीमार्गाची, आणि मग पंपाला हवा द्यावी. त्या चक्राची मोजणी करू नये. जून ते सप्टेंबर या काळात झडपेच्या बाहेर इतके दव जमते की थंड नळी उघडली तर पाणी आत जाते. द्रावक क्लोरोफॉर्म किंवा बेंझीन असल्यास त्या पाण्याची रेष पुढे स्पेक्ट्रममध्ये भेटतेच.

पायरी ६: बंद करणे आणि ने-आण

साध्या प्लॅस्टिकच्या टोपीतून ऑक्सिजन आत येतो, आणि तिच्यावर गुंडाळलेल्या पॅराफिल्ममधूनही येतो. सुई घातलेले रबरी बूच त्याहून भरवशाचे नाही. टेफ्लॉनची झडप काही दिवसांच्या मोजमापाला चालते. महिनोन्‌महिने ठेवायचा संदर्भ-नमुना हवा असेल, तर काच ज्योतीवर वितळवून नळी बंद करावी. हे काम काचकाम शिकलेल्याकडूनच, नमुना गोठलेला आणि निर्वात असताना, करून घ्यावे.

नमुना एका ठिकाणी तयार होऊन यंत्र दुसरीकडे असणे ही गोव्यातली नेहमीची स्थिती आहे. वेर्ण्याहून जुवारी पूल ओलांडून ताळगांव पठारापर्यंत नळी न्यायची असेल, तर ती उभी, थर्मोकोलच्या खोक्यात, उन्हात तापलेल्या गाडीपासून दूर ठेवावी. तापलेला द्रावक झडपेवर दाब देतो, आणि हिसक्यांनी आडवी झालेली नळी खुंटीपाशी द्रावण साठवते. पोचल्यावर झडप किंचितही सैल करून पाहू नये.

पायरी ७: पुन्हा मोजमाप

हवेसह मोजताना ठेवलेले थांबे येथे चालणार नाहीत, आणि हाच दुसरा मोठा सापळा आहे. टी-वन ४ वरून २० सेकंदांवर गेला असेल, तर दोन प्रयोगांमधला थांबा २० वरून १०० सेकंदांवर न्यावा लागतो. जुनाच थांबा ठेवल्यास आभ्राम पूर्ण परत येत नाही, टी-वन आखूड भासतो, आणि ‘ऑक्सिजन निघालाच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघून माणूस पुन्हा पंपाकडे वळतो. बारा थांबे, प्रत्येकी चार वेळा, १०० सेकंदांच्या विश्रांतीसह, म्हणजे दीड तासाहून अधिक यंत्रवेळ लागतो. आरक्षण करताना तो धरावा.

लांब टी-वनमध्ये आणखी दोन गोष्टी दगा देतात. नळीच्या वर-खाली तापमान वेगळे असेल, तर द्रव फिरतो आणि उलटवलेला भाग कॉइलबाहेर जाऊन न उलटवलेला आत येतो. म्हणून तापमान खोलीच्या जवळ ठेवावे आणि हवेचा प्रवाह पुरेसा ठेवावा. आणि संहत नमुन्यात, विशेषतः शुद्ध द्रावकात, संकेत इतका प्रबळ असतो की कॉइलमध्ये निर्माण होणारा प्रवाहच आभ्राम परत फिरवतो. अशा वेळी वक्र घातांकी दिसत नाही. ड्युटेरियमयुक्त द्रावकात विरल नमुना घेतल्याने हा दोष टळतो.

> तपासणी: आणखी एक चक्र करून टी-वन पुन्हा मोजावा. तो त्रुटीच्या आत स्थिर राहिला तरच ऑक्सिजन निघाला असे म्हणावे. चक्रांची संख्या हा पुरावा होत नाही. स्वतःच्या पद्धतीची परीक्षा शुद्ध पाण्यावर घेता येते: २५ अंशांना वायुमुक्त पाण्याच्या प्रोटॉनांचा टी-वन ३.६ सेकंदांच्या आसपास यायला हवा.

पायरी ८: आकडा अपेक्षेप्रमाणे आला नाही तर

टी-वन मुळीच वाढला नाही, तर धातूचे अंश किंवा विश्रांतीचा अपुरा काळ यांचा संशय घ्यावा. आधी वाढला आणि दुसऱ्या दिवशी घटला, तर झडप गळते आहे. एका रेणूतील काही प्रोटॉनांचा वाढला आणि काहींचा नाही, तर त्यात चूक शोधू नये: ज्यांचा मूळ टी-वन आखूड आहे, त्यांच्यावर ऑक्सिजनचा परिणाम मुळातच कमी असतो. मिथिल गटाचे आणि एकाकी सुगंधी प्रोटॉनाचे आकडे शेजारी ठेवल्यास हे लगेच दिसते.

समुद्राच्या पाण्यावर काम करणाऱ्यांनी एक गल्लत टाळावी. पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या किनाऱ्यालगत तळाच्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी होतो, पण ते पाणी नळीत ओतताना हवेतून ऑक्सिजन घेते. त्यामुळे नळीतला टी-वन समुद्रातील ऑक्सिजन सांगत नाही. तो आकडा हवा असेल, तर बाटली भरतानाच विंकलर पद्धतीची (विरघळलेला ऑक्सिजन रासायनिक रीतीने मोजण्याच्या पद्धतीची) अभिकर्मके घालावीत.

अहवालात टी-वनबरोबर तापमान, चुंबकीय क्षेत्र, द्रावक, संहती, चक्रांची संख्या, शेवटचा दाब, झडपेचा प्रकार, वायुमुक्त केल्यापासून मोजमापापर्यंत गेलेला वेळ आणि हवेसह मोजलेला मूळ टी-वन लिहावा. दोन्ही टी-वनच्या व्यस्तांतील फरक ऑक्सिजनच्या संहतीने भागला, की त्या द्रावकासाठी ऑक्सिजनची शिथिलनक्षमता मिळते. तीच पुढच्या नमुन्यासाठी पायरी १ मध्ये वापरावी.